मामांचं ‘कार्टं’ : चौकोनी घड्याळ, त्याचा पट्टा आणि दोघांचा भाव

अंमळनेरचा_भाचा
राम राम मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत बसतो, आज काम पडलं म्हणून धागा काढतोय.

माझे मामा बरीच वर्षं मस्कतला होते. मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटातून एक चौकोनी घड्याळ निघालं, कार्टिये कंपनीचं. मामांना एकच मुलगी. घड्याळ हातात घालताना दर वेळी म्हणायचे, “मुलगा नाही दिला देवाने, पण हे कार्टं दिलं.” २००५ च्या सुमारास दुबईत घेतलेलं. मामींनी परवा ते माझ्या हातात ठेवलं नि म्हणाल्या, “तू वापर, पण भाव काढून अर्धे पैसे ताईला दे.” ताई म्हणजे मामेबहीण, भुसावळला रेल्वेत आहे.

भाव काढायला जळगाव गाठलं. सोन्याचं गाव, कोणीही सांगेल असं वाटलं. एका पेढीवर त्यांनी घड्याळ काट्यावर ठेवलं, पिवळी चौकट नखाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, “सोनं एवढ्या पट्टीलाच. खाली स्टील. मोडीत काय निघणार?” जो आकडा सांगितला तो ऐकून समोर आलेला चहा तसाच ठेवून उठलो. वर म्हणे, “ठेवून जा, पॉलिश मारून नवं करून देतो, मग गिऱ्हाईक बघू.” ठेवलं नाही, एवढी अक्कल आली.

आता माल सांगतो. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, स्टीलची, काचेभोवतीची चौकट सोनेरी, तिच्यावर आठ स्क्रू. पांढरी डायल, काळे रोमन आकडे. चावीच्या टोकाला निळा खडा. मागे २६५६ आणि खाली अजून एक लांब नंबर. पट्टा तपकिरी, मगरीच्या कातड्यासारखा चौकटी-चौकटीचा, आतून काळा पडलाय आणि वास मारतो. बक्कल घडीचं. डबा नाही, बिल नाही, कार्ड नाही. घड्याळ चालतं, पण दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे पळतं.

अस्सल आहे का? भाव कसा धरायचा? पट्टा बदलून दाखवायला नेऊ का? फोटो टाकलेत.

संपादक_मंडळ
मागच्या बाजूच्या फोटोतला लांब नंबर आम्ही झाकला आहे. तो जाहीर टाकू नये. असे नंबर उचलून नकली मालावर कोरणारे लोक आहेत.

केळीवाला_रावेर
भो, पहिले तर नाव ठरवा. घड्याळ का घड्याय? आमच्या आजीच्या भाषेत केयी आणि घड्याय, दोन्हींचा भाव रोज वेगळा आणि दोन्ही पिकले की कोणी हात लावत नाही.

मला यातलं काही कळत नाही. धागा वर राहावा म्हणून लिहिलं.

घड्याळजी_धुळे
भाच्याने पॉलिशला दिलं नाही याबद्दल आधी पाठीवर थाप. बाकीचं सावकाश.

फोटोवरून हे ‘सांतोस १००’ दिसतं, मोठ्या मापाचं. २६५६ हा त्याच मॉडेलचा नंबर. कार्टियेच्या सांतोस घड्याळांच्या घराण्याला २००४ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा हे काढलं, म्हणून नावात शंभर. केस साधारण ३८ मिलिमीटर रुंद. आत ऑटोमॅटिक मशीन असतं, कंपनी त्याला ०४९ म्हणते. मूळ बांधणी एटा या स्विस कंपनीच्या २८९२ मशीनची, म्हणजे हजारो स्विस घड्याळांत सापडणारं भरवशाचं मशीन. एक फायदा असा की नीट शिकलेला कोणताही कारागीर ते उघडून ओव्हरऑइलिंग, म्हणजे साफसफाई नि तेलपाणी, करू शकतो.

अस्सल-नकल फोटोवरून शंभर टक्के सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. तरी घरच्या घरी काय पाहायचं ते सांगतो. दहा पटीचं भिंग घ्या, सराफाकडे असतं तसलं. रोमन सातच्या आकड्यात जी तिरकी दांडी आहे ती भिंगाखाली धरा. ती दांडी सलग काळी रेघ नसते, कंपनीचं नाव इतक्या बारीक अक्षरांत छापून तिचीच रेघ केलेली असते. नकली मालात ही अक्षरं फुगीर, तुटक, कधी नुसत्या टिंबटिंबासारखी. आता नकला सुधारल्या आहेत, त्यामुळे अक्षरं नीट दिसली म्हणून नाचू नका. पण अक्षरं खराब दिसली तर पुढचा खर्च वाचला.

मग चारचा आकडा. तिथे चार उभ्या काड्या हव्यात. तुम्ही शाळेत शिकलात तसा ‘पाचातून एक गेला’ असा नाही. ही घड्याळवाल्यांची जुनी रीत.

आणि कडा बघा. चौकोनी घड्याळाचा जीव कडांत असतो. सांतोसच्या केसवर वरचा भाग रेघारेघांचा, मंद असतो, चौकट चकचकीत असते, आणि जिथे दोन पृष्ठभाग भेटतात तिथे धार लागते. नखाने फिरवा. नख अडलं तर पॉलिशच्या मशीनने कोणी त्या धारेची वाट लावलेली नाही. साबणाच्या वडीसारखं घसरलं तर आधी कधीतरी पॉलिश झालंय. गोल घड्याळाला थोडं पॉलिश खपून जातं, कारण गोलाला कोपरा नाही. चौकोनाचा कोपरा एकदा गोल झाला की धातू परत येत नाही, आणि स्क्रूच्या खाचा उथळ होतात. घेणारा जाणकार असेल तर पहिल्यांदा तिथेच बघतो.

पाच मिनिटं पुढे पळणं हे दुखणं बहुतेक लोहचुंबकाचं. घड्याळ इतके दिवस होतं कुठे?

शंकासुर
पॉलिशबद्दल माझा दाखला घ्या. वडिलांना लग्नात एचएमटी कांचन मिळालं होतं, चौकोनीच, सोन्याचा मुलामा. आमच्या लग्नात घालावं म्हणून मी हौसेने एका दुकानात पॉलिशला टाकलं. परत मिळालं तेव्हा चारही कोपऱ्यांतून पितळ डोकावत होतं. दुकानदार म्हणाला, “चमकलं की नाही?” चमकलं होतं खरं. वडील काही बोलले नाहीत, पण ते घड्याळ त्यांनी पुन्हा मनगटाला लावलं नाही. ते गेल्यावर तेच माझ्याकडे आलं, तसंच पितळी कोपऱ्यांचं.

बाकी माझी शंका अशी, की एवढ्या महाग घड्याळाला सोन्याच्या गावात लोखंड म्हणणार असतील तर मुळात हे ‘लक्झरी’ कुणी ठरवलं?

सुभाषचौक
मी जळगावच्या सराफ बाजारातला. आमच्या माणसाला नावं ठेवू नका, त्याने त्याच्या काट्यावर बरोबरच सांगितलं. आमच्याकडे वस्तू आली की तीन गोष्टी: वजन, कस म्हणजे शुद्धता, आणि घट म्हणजे वितळवताना कमी होणारं वजन. घड्याळाचं वजन म्हणजे काच, मशीन, स्टील, चामडं, सगळ्यांचं मिळून. त्यातली सोन्याची चौकट सुटी केल्याशिवाय तिचं वजन कळत नाही, आणि सुटी केली तर घड्याळ मेलं. ती १८ कॅरटची असणार, म्हणजे हजारात ७५०. बावीसच्या सवयीने पाहणाऱ्याला तीही कमीच वाटते. मोडीचा भाव म्हणजे वस्तू नाहीशी झाल्यानंतरचा भाव. आम्हाला तोच विचारला, आम्ही तोच सांगितला.

दोन सूचना मात्र देतो. कोणालाही कसोटीच्या दगडावर कस लावू देऊ नका. दागिन्यावर एखादी रेघ चालते, या चौकटीवर ती रेघ कायमची. कॅरट मीटरवर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवायला हरकत नाही, त्याने ओरखडा येत नाही. पण यंत्र वरचे थोडे मायक्रॉन वाचतं, जाड मुलामा असेल तर ७५० दाखवून फसवू शकतं. म्हणजे यंत्राने ‘सोनं नाही’ म्हटलं तर पक्कं, ‘सोनं आहे’ म्हटलं तर अर्धंच पक्कं.

अंमळनेरचा_भाचा
घड्याळजी, हादरलो. मामींना फोन केला. घड्याळ वर्षभर त्यांच्या पर्समध्ये होतं, ती पर्स जिचं बटण खटकन आपोआप लागतं! चुंबकाचं बटण. आतल्या कप्प्यात, बरोबर त्या बटणाच्या मागे.

आणि मामींना एक वेगळीच काळजी आहे. चावीतला निळा खडा नीलम असेल तर? “नीलम सगळ्यांना लाभत नाही, मामांनी कधी तीन रात्री उशाखाली ठेवून पाहिला नव्हता,” असं म्हणतात. हसू नका, मी त्यांना उत्तर देणं लागतो.

घड्याळजी_धुळे
हसलो, माफ करा. मामींना सांगा, शनिमहाराज सुटले असण्याचीच शक्यता जास्त. ही कंपनी पूर्ण सोन्याच्या घड्याळांना बहुधा नीलम लावते आणि स्टीलच्या बहुतेकांना कृत्रिम स्पिनेल, म्हणजे कारखान्यात बनवलेला निळा खडा. तुमचं मिश्र आहे. स्पिनेल असलं तरी खोटं ठरत नाही, कंपनीच तसं बसवते.

सुभाषचौक
दोन्ही खडे निळे पण प्रकाश वेगळा वाकवतात. स्पिनेलचा अपवर्तनांक १.७२-१.७३ च्या आसपास, नीलमचा १.७६ च्या वर. शिवाय नीलमात किरण दुभंगतो, स्पिनेलात नाही. सुटा खडा असता तर दोन मिनिटांचं काम होतं. चावीत बसवलेला असताना कटकट आहे, आणि त्यासाठी चावी काढू नका. भावात त्याने काही फरक पडत नाही.

घड्याळजी_धुळे
चुंबकाची खात्री घरी होते. एक लहान होकायंत्र घ्या, टेबलावर ठेवा, सुई शांत होऊ द्या, मग घड्याळ हळूहळू जवळ नेऊन फिरवा. सुई मागेपुढे झुलली तर चुंबक शिरलाय. मशीनमधली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने स्वतःलाच चिकटते, तिची लांबी जणू कमी होते आणि घड्याळ पळायला लागतं. डिमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, काही सेकंदांचं काम आहे, माझ्यासारखा माणूस त्याचे चहापाण्याएवढे पैसे घेतो. तेवढ्यासाठी कोणी मशीन उघडून ‘बॅलन्स (आतलं झुलतं चाक) बदलावा लागेल’ म्हणाला तर घड्याळ उचला नि बाहेर पडा.

शंकासुर
माझ्या प्रश्नाला बगल दिली. लक्झरी कुणी ठरवलं?

घड्याळजी_धुळे
बरं, घ्या. सांतोस-द्युमाँ नावाचा ब्राझीलचा माणूस पॅरिसमध्ये राहायचा. १९०१ मध्ये त्याने स्वतःचं हवाई जहाज आयफेल टॉवरला वळसा घालून परत आणलं आणि बक्षीस जिंकलं. तेव्हा पुरुषांची घड्याळं खिशात असत. दोन्ही हात यंत्रावर असताना खिशातून घड्याळ काढायचं कसं, ही त्याची अडचण. मित्र होता लुई कार्टिये. त्याने १९०४ मध्ये त्याच्यासाठी मनगटावरचं चौकोनी घड्याळ केलं. चौकटीवरचे स्क्रू लपवले नाहीत, उघडे ठेवले. बाजारात विकायला आलं १९११ मध्ये. म्हणजे आज जे मिरवायला घालतात ते मुळात कामाचं हत्यार होतं.

पुढे १९७८ मध्ये कंपनीने स्टील आणि सोनं एकत्र करून सांतोस काढलं. तेव्हा दागिन्यांच्या दुकानाने स्टील विकणं हेच धाडस होतं. आपल्या सराफाला जे ‘लोखंड’ दिसलं, तीच या घड्याळाची ओळख आहे.

केळीवाला_रावेर
हवाई जहाज उडवणाऱ्याला घड्याळ लागलं. आम्हाला लाईट येण्याची वेळ पाहायला लागतं. रात्री दोनला मोटर सुरू करायची असते, चौकोनी असो का गोल.

आरी_दोरा
चोपड्याहून. मी चामड्याचं काम करतो, पट्टे शिवतो. सगळे घड्याळावर तुटून पडलेत, पट्ट्याकडे कोणाचं लक्ष नाही, म्हणून लिहितो.

पट्ट्याचा भाव करताना पहिला प्रश्न: कातडं खरं आहे का छापील? वासराच्या चामड्यावर गरम ठसा मारून मगरीची नक्षी काढतात, ते वाईट नसतं, पण भाव वेगळा. पट्टा बोटांवर हळूच वाकवा. खऱ्या कातड्यात खवल्यांच्या मधल्या फटीत घडी पडते, खवला ताठ राहतो. छापील पट्ट्यात घडी कुठूनही जाते, खवल्याच्या मधूनसुद्धा. दुसरं, नक्षी मोजा. खऱ्यात दोन खवले सारखे नसतात, आणि पट्ट्याच्या दोन भागांतली नक्षी जुळी भावंडं नसतात, चुलत असतात. छापील मालात काही अंतरावर तेच डिझाइन पुन्हा येतं.

मग अलिगेटर का क्रोकोडाइल? आपण दोघांना मगर म्हणतो. क्रोकोडाइलच्या पोटाकडच्या जवळजवळ प्रत्येक खवल्यावर सुईने टोचल्यासारखं एक बारीक छिद्र दिसतं. पाणी हललं की त्याला तिथून कळतं. अलिगेटरच्या अंगावर ती टिंबं नसतात, फक्त जबड्यापाशी असतात. भिंग घेऊन बसलाच आहात तर तेही बघा. या कंपनीचे असे पट्टे साधारणपणे अलिगेटरचे.

आता तुमच्या पट्ट्याबद्दल. आतून काळा पडला, वास मारतो, म्हणजे घाम अस्तरात मुरलाय. मस्कतचा घाम आणि वर खान्देशचा उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. भिजलेलं चामडं त्या हवेत कडक होतं, कडेचा रंग तडकतो, मग टाका उसवतो. फोटोत बक्कलाजवळ कड उललेली दिसते. धुवू नका! खोबरेल, एरंडेल, बुटाचं पॉलिश, कशालाही हात लावू नका. तेलाने चामडं मऊ वाटतं पण आतला गोंद सुटतो.

भावाच्या हिशेबात असा पट्टा शून्य धरा. खाण्याची वस्तू आहे ती, खाऊन झाली. पण बक्कल! ते पट्ट्याबरोबर फेकणारे मी पाहिलेत. कंपनीचं नाव कोरलेलं घडीचं बक्कल सुटं घ्यायला गेलात तर चांगलीच किंमत आहे आणि ते झिजत नाही. अस्सल घड्याळ आणि बाजारू बक्कल असा जोड दिसला की घेणारा तेवढे पैसे कापतो. बक्कल उघडून आतली बाजू बघा, कोरीव खोल आणि स्वच्छ आहे का, बिजागरी खुळखुळते का.

अंमळनेरचा_भाचा
बक्कल घट्ट बसतं, आत कोरलेलं आहे. खवल्यांवर टिंबं दिसली नाहीत. घडी फटींतूनच पडते. रोमन सातमध्ये नाव वाचता आलं!! भिंग शेजारच्या सोनारकाकांचं. त्यांनी पण वाचलं आणि पंधरा मिनिटं परत दिलं नाही.

होकायंत्राची सुई झुलली.

मग विकायच्या आधी नवा पट्टा लावू का? आरी_दोरा, तुम्ही शिवाल का मगरीचा?

आरी_दोरा
मगरीचा नाही. आपल्याकडची मगर, सुसर १९७२ च्या कायद्याने संरक्षित, तिचं कातडं विकणं गुन्हा. परदेशी अलिगेटरच्या व्यापारालाही आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रं लागतात. ती नसलेला माल कोणी ‘खात्रीचा’ म्हणून देत असेल तर मला खात्री नको. मी वासराचं किंवा बकऱ्याचं शिवतो, दोन सुयांनी हाताचा टाका.

आणि विकायचं असेल तर बदलू नका. घेणाऱ्याला मळका का होईना, मूळ पट्टा पाहू दे. त्यावरून घड्याळ किती वापरलं, कसं वापरलं ते कळतं. शिवाय या मॉडेलचा पट्टा केसमध्ये शिरतो तिथे त्याचा स्वतःचा आकार आहे. बाजारातला सरळ पट्टा ओढूनताणून बसवला तर फट दिसते आणि केसच्या पायांच्या, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकांच्या, आतल्या बाजूला ओरखडे पडतात.

आखाती_खान्देशी
शारजाहून. मूळचा साक्री. बिल नाही म्हणताय, पण मामांचे जुने पासपोर्ट, बँकेच्या वह्या, क्रेडिट कार्डाची कागदं चाळलीत का? आमच्या पिढीची माणसं बिलं फेकत नाहीत, कुराण-पोथीसारखी जपतात. माझ्या काकांचं बिल त्यांच्या साखरेच्या तपासणीच्या फाइलमध्ये सापडलं. कागद मिळाला तर विकताना दोन फायदे: चोरीचं नाही हे दाखवता येतं, आणि साल पक्कं होतं.

डब्याचंही बघा. इथले लोक डबा गावी पाठवतात आणि त्यात मामी सुया-दोरे ठेवतात. लाल डबा.

अंमळनेरचा_भाचा
तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का हो? लाल डब्यात बटणं होती. शिलाई मशीनच्या खणात. बिल नाही मिळालं, पण डब्याच्या गादीखाली एक छोटी पुस्तिका आहे, दुकानाचा शिक्का आणि तारखेसह.

सातपुड्याची_लेक
शहाद्याची, सीए. भावाच्या आधी हिशेब बघा. वारशाने आलेल्या वस्तूवर मिळणाऱ्याला आयकर लागत नाही. मामांनी जिवंतपणी दिलं असतं तरी आईचा भाऊ ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसतो, त्यामुळे तिथेही प्रश्न नव्हता. पण मुळात हे घड्याळ मामांच्या वारसांचं, म्हणजे मामी आणि ताईचं. मामींनी तोंडी ‘तू वापर’ म्हटलं तरी ताईला विचारलंत का? अर्धे पैसे देण्याच्या आधी तिला घड्याळच हवंय का, हे कोणीच विचारलेलं दिसत नाही.

शंकासुर
हा पहिला कामाचा प्रतिसाद.

अंमळनेरचा_भाचा
खरं आहे. विचारलं नाही. रविवारी भुसावळला जातोय.

तोपर्यंत भावाचं सांगा. इंटरनेटवर याच मॉडेलचे आकडे पाहिले तर एकाचा दुसऱ्याच्या दीडपट.

घड्याळजी_धुळे
ते मागणीचे आकडे. मागायला काय जातं? बाजार समितीच्या गेटवर शेतकरी काय भाव बोलतो आणि पावतीवर काय पडतो, तसं आहे. विकलं गेलेल्याचा आकडा शोधा. लिलावगृहं निकाल जाहीर करतात. पण त्या आकड्यात बहुतेक वेळा घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन धरलेलं असतं, आणि विकणाऱ्याच्या पैशातूनही वेगळं कापतात. मधलं अंतर लहान नसतं.

शिवाय भाव कोणासाठी काढायचा ते ठरवा. विम्याला लावायचा असेल तर ‘आज तसंच दुसरं घ्यायला किती’ हा सगळ्यात वरचा आकडा. व्यापाऱ्याला रोख विकायचं तर सगळ्यात खालचा, कारण त्याला सर्व्हिसिंग करायचं आहे, हमी द्यायची आहे, माल पडून राहायचा धोका आहे. तुमचा मामला घरातला. घरात वरचा आकडा धरलात तर तुम्ही बुडाल, खालचा धरलात तर ताई. मी असतो तर असं केलं असतं: दोन-तीन व्यापाऱ्यांकडून लेखी खरेदीभाव घ्यायचा, त्याच स्थितीतल्या, डबा-पुस्तिका असलेल्या घड्याळांचे प्रत्यक्ष विक्रीचे आकडे बघायचे, आणि त्या दोहोंच्या मध्ये घरी बसून ठरवायचं. त्यातून वजा काय करायचं तेही लिहून काढा. पूर्ण ओव्हरऑइलिंगचा खर्च, नव्या मूळ पट्ट्याचा खर्च. बक्कल आहे, ते वजा नको.

आणि मशीन उघडून पाहिल्याशिवाय यातला कुठलाही आकडा धरू नका. मुंबईत कंपनीच्या अधिकृत सेवेकडे द्या. तिथे पावती देताना लिहून द्या, ठळक अक्षरात: केसला पॉलिश करू नये. पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये पॉलिश बहुतेक वेळा आपोआप धरलेलं असतं. तुम्ही बोलला नाहीत तर प्रेमाने करून टाकतात.

पाण्याचंही सांगतो. या मॉडेलवर १०० मीटर लिहितात, पण ते नवीन असताना. गोल केसचं झाकण फिरवून आवळलं की रबर सगळीकडे सारखं दबतं. चौकोनी झाकण स्क्रूंनी आवळतात, एक स्क्रू कमी-जास्त झाला की रबर एका कोपऱ्यात ढिलं. त्यात वीस वर्षांचं रबर. ताईने घालून भांडी घासू नयेत, एवढंच.

केळीवाला_रावेर
ताई कशाला भांडी घासेल? भावाला सांगेल.

अंमळनेरचा_भाचा
(सतरा दिवसांनी)
उशीर झाला, पण बरंच घडलंय.

रविवारी ताईकडे गेलो. मध्ये मेथीची भाजी, कळण्याची भाकरी, आणि घड्याळ रुमालात. मी आकड्यांचा कागद काढला. व्यापाऱ्यांचे भाव, वजाबाकी, सगळं मांडलं. ताईने कागद पाहिलाच नाही. रुमाल उघडला, घड्याळ कानाशी धरलं आणि म्हणाली, “हे बाबांच्या हाताला होतं तेव्हा मला यात माझं तोंड दिसायचं. चौकटीत. वाकडं.” मग तिने चौकटीवरचा एक ओरखडा दाखवला, खालच्या उजव्या कोपऱ्यात. दहावीच्या निकालाच्या दिवशी मामांनी तिला उचललं तेव्हा तिच्या बांगडीने पडलेला. मी भिंगातून त्या ओरखड्याकडे चार वेळा पाहिलं होतं आणि माझ्या कागदावर त्याचे पैसे कापले होते.

मी कागद परत खिशात घातला. घड्याळ तिचं.

परवा मुंबईहून अहवाल आला: मशीन मूळ, केस मूळ, सगळं जुळतं. चुंबक काढला, रबर बदललं. मोठं सर्व्हिसिंग ताई बोनस आला की करणार. पॉलिश नको असं मी पावतीवर दोनदा लिहिलं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “दोनदा का?” म्हटलं, धुळ्याच्या माणसाचा हुकूम आहे.

घड्याळजी_धुळे
अहवालाचा कागद लाल डब्यात ठेवा. बटणं दुसरीकडे.

सुभाषचौक
आणि डब्यात चुंबकाची पर्स ठेवू नका.

शंकासुर
मामींच्या नीलमचं काय झालं?

अंमळनेरचा_भाचा
मामींना सांगितलं स्पिनेल असावं. त्यांनी विचारलं, मग ते कोणत्या ग्रहाचं? मी म्हटलं कंपनीचं. त्यावर त्या गप्प आहेत.

आरी_दोरा, आता काम तुमचं. ताईला हे मोठं पडतं, पण तिला तसंच आवडतं, घड्याळ सैल नको एवढंच. मूळ पट्टा डब्यात राहील. रोजच्या वापराला वासराचा हवा, तपकिरीच, आणि मूळ बक्कल त्यावर बसलं पाहिजे.

आरी_दोरा
बसेल. मूळ पट्टा मला आठ दिवसांसाठी लागेल, केसमध्ये शिरणाऱ्या टोकाचा आकार त्यावरून काढतो. उसवणार नाही, फक्त कागदावर ठेवून गिरवतो. कॅलिपरने जाडी घेतो, टोकाला एक आणि बक्कलाला दुसरी. अस्तराला बकऱ्याचं देतो, घामाला बरं आणि बदलता येतं. पट्टा पाठवताना बक्कल लावूनच पाठवा, घड्याळ पाठवू नका.

मनगटाचं माप शिवणाच्या टेपने, हाडाच्या मागे, ना घट्ट ना सैल. आणि माप संध्याकाळी घ्या. आपल्या उन्हात दिवसभरात हात फुगतो, सकाळच्या मापाचा पट्टा संध्याकाळी आवळतो.

अंमळनेरचा_भाचा
ताईची ड्युटी या महिन्यात रात्रीची आहे. तिची संध्याकाळ म्हणजे सकाळी आठ. कधी घेऊ?

आरी_दोरा
ड्युटी सुटताना घ्या. दोन्ही हातांचं, आणि कोणत्या हातात घालणार ते लिहा.

अंमळनेरचा_भाचा
डाव्या. १५.५ सेंटीमीटर. उजवा पाव सेंटीमीटर जास्त भरला. पट्टा आणि बक्कल आज एसटी पार्सलने चोपड्याला टाकतोय.